लंकेला जाताना आधी पौर्णिमा बघा

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. त्या, त्यांचे यजमान आणि ६८ वर्षांची आई असे तिघे नऊ दिवसांसाठी श्रीलंकेला निघाले आहेत. आई वारकरी, बरीच वर्षं पायी वारी केलेली. आता गुडघे साथ देत नाहीत. ताई आणि यजमान दोघेही नियमित ध्यान करतात. हातात आलेल्या कार्यक्रमात रोज नवं गाव आहे. चहाचा कारखाना, मसाल्याची बाग, दोन समुद्रकिनारे, आणि विहार मध्ये कुठेतरी अर्ध्या-अर्ध्या तासाचे. त्या विचारतात, "आम्हाला तिथली श्रद्धा जवळून अनुभवायची आहे. आईलाही त्यात गोडी वाटली पाहिजे. काय करावं?"

ताई, गेली सतरा वर्षं मी मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन लंकेला जाते आहे. पहिली चार वर्षं मीही असेच कार्यक्रम आखायचे. सहा दिवसांत सात गावं. माणसं परत येताना दमलेली असायची आणि फोटो बघून "हे कुठलं बरं?" असं मलाच विचारायची. तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आले आहे: गावं निम्मी करा, आणि विहारात जायची वेळ तिथल्या पूजेच्या वेळेवरून ठरवा. एकच दागब (स्तूपाला तिथे दागब म्हणतात) सकाळी दहाला बघा आणि संध्याकाळी सहाला बघा, दोन वेगळ्या जागी गेल्यासारखं वाटेल. सकाळी दहाला तिथे पर्यटक असतात. संध्याकाळी सहाला ती जागा तिथल्या माणसांची असते.

म्हणून तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा. लंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला 'पोया' म्हणतात, मूळ शब्द पालीतला 'उपोसथ'. त्या दिवशी दारूची दुकानं बंद, मांसविक्री बंद, आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं सकाळपासून विहाराकडे निघालेली. महिन्यांची नावं ऐकलीत तर ओळखीची वाटतील: वेसक म्हणजे वैशाख, एसल म्हणजे आषाढ. आपल्या गुरुपौर्णिमेला ते एसल पोया पाळतात, बुद्धांच्या पहिल्या प्रवचनाचा दिवस म्हणून. ज्येष्ठातल्या पोसोन पोयाला महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) लंकेत आले असं मानतात. अशोकाचा हा मुलगा भिक्खू होऊन धम्म घेऊन आला. मार्गशीर्षातल्या उंदुवप पोयाला त्याची बहीण संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली. तुमच्या नऊ दिवसांत एक पौर्णिमा बसवाच, आणि शक्यतो त्या दिवशी लंकेच्या जुन्या राजधानीत, अनुराधपुरात राहा.

मात्र पोसोनला अनुराधपुरात जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या. एका वर्षी माझी नोंदणी ऐनवेळी फिसकटली आणि अकरा माणसांसह मी रात्री नऊला रस्त्यावर उभी होते. जवळच एक दानसल लागली होती. सणाच्या दिवशी रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवू घालतात, ती दानसल. तिथल्या लोकांनी आम्हाला आधी भात वाढला आणि मग शाळेच्या वर्गात चटया टाकून दिल्या. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, ही तर आपली वारीच." तुमच्या आईही बहुधा हेच म्हणतील. दानसलवाल्यांनी गाडी थांबवली तर उतरा, जे देतील ते घ्या, पैसे काढू नका. पैसे पुढे केले की त्यांचा चेहरा उतरतो.

आता जागांविषयी. विमानतळावरून सरळ अनुराधपुरला जा आणि तीन रात्री तिथेच राहा. जय श्री महाबोधी हा पिंपळ तिथे आहे. बोधगयेच्या मूळ वृक्षाच्या फांदीपासून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेला, आणि तेव्हापासून अखंड जपलेला. माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत हे जगातलं सर्वांत जुनं मानलं जातं. खरं झाड उंच ओट्यावर आहे; त्याच्या बारीक फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. भोवती दुसरे पिंपळ लावलेत, वारा-वादळ आधी त्यांनी झेलावं म्हणून. पहिल्यांदा गेलेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या, जाडजूड झाडाला हात जोडतो. आईंना आधीच सांगून ठेवा, वरच्या ओट्यावरचं नाजूक झाड ते हेच. आत जाताना कडक तपासणी होते, तिचा राग मानू नका. १९८५ साली अनुराधपुरात झालेल्या दहशतवादी हल्ल्यात शंभराहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत याच आवारातले भाविकही होते.

तिथे काय करायचं? फुलं घ्यायची, धुवायची, फुलांच्या ओट्यावर मांडायची आणि बसायचं. फुलं म्हणजे निळं कमळ (तिकडे 'निल् मानेल'), साधं कमळ किंवा चाफा. वाहण्याआधी वास घेऊ नका, आपल्याकडच्यासारखंच. शेजारी एखादी बाई गाथा पुटपुटत असेल, नीट ऐका: "वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं, पूजयामि मुनिन्दस्स सिरिपादसरोरुहे." महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत दर रविवारी म्हटली जाते तीच ही गाथा. माझ्या गटात नागपूरच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी शेजारणीच्या सुरात सूर मिसळून पुढची ओळ म्हटली, "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल कोमेजतं तसंच हे शरीरही जाणार. त्या सिंहली बाईंनी वळून यांचे दोन्ही हात हातात घेतले. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. ताई, ही एक गाथा घरीच पाठ करून जा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा ती तुम्हाला आत नेईल.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर रुवनवेलीसाय आहे, दुटुगेमुनु राजाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधायला घेतलेला शंभर मीटरहून उंच पांढरा दागब. दुपारी तिथल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवणं अशक्य होतं. मोजे चालतात, आईंसाठी जाड मोजे ठेवाच. संध्याकाळी बहुतेकदा कुठलं ना कुठलं कुटुंब किंवा गाव कपरुक पूजा करत असतं. लांबच लांब रंगीत कापड डोक्यावर धरून, ढोल-सनईसारख्या वाद्यांमागून दागबाला फेरी घालतात आणि मग ते कापड दागबाला गुंडाळतात. कापडाची कडा धरायला कुणालाही घेतात. विचारायची गरज पडत नाही. जवळ उभे राहिलात तर कुणीतरी कड तुमच्या हातात देतं.

गावोगावचे लोक बस करून येतात. त्यांच्या जथ्याला 'नडे' म्हणतात आणि म्होरक्याला 'नडे गुरा'. बसमध्ये गाणी म्हणतात, वाटेत स्वयंपाक करतात, म्हातारी माणसं पुढे बसतात. दिंडी आणि विणेकरी डोळ्यांसमोर आणा, चित्र पूर्ण होईल. आईंना अशा एखाद्या जथ्यातल्या आजीबाईंच्या शेजारी बसवा आणि तुम्ही थोडं दूर जा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिहिंतले, १३ किलोमीटरवर. महिंद थेर आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट झाली तो डोंगर. खालून १८४० पायऱ्या आहेत, पण गाडी मधल्या टप्प्यापर्यंत जाते आणि निम्म्याहून जास्त चढ वाचतो. उरलेल्या पायऱ्या रुंद आणि बसक्या आहेत, सावकाश चढल्या तर आईंना जमतील. वर अंबस्थल नावाची जागा आहे. 'महावंस' या पाली ग्रंथात ती गोष्ट येते. शिकारीला आलेल्या राजाला थेर विचारतात, या झाडाचं नाव काय? आंबा. याखेरीज दुसरे आंबे आहेत? पुष्कळ आहेत. हे आणि ते आंबे सोडून आणखी झाडं आहेत? आहेत. मग ते सगळे आंबे आणि ती सगळी झाडं सोडली तर काय उरतं? राजा म्हणतो, हा आंबा. राजाची बुद्धी जोखली, मग उपदेश. ही गोष्ट तिथेच, झाडाखाली बसून आईंना सांगा. आणि हेही सांगा की याच 'महावंसा'त, महिंदाला लंकेला पाठवलं त्याच वेळी महाधम्मरक्खित नावाच्या थेरांना 'महारट्ठ' देशी पाठवल्याची नोंद आहे. मिहिंतलेच्या खडकावर उभं राहून आपल्या देशाचं नाव त्या ओळीत ऐकताना मला दर वेळी भरून येतं.

पोलोन्नरुवला एक दिवस पुरे, आणि त्यातही गल विहारात दुपारी चारनंतर जा. पराक्रमबाहू राजाच्या काळातल्या, बाराव्या शतकातल्या, एकाच खडकात कोरलेल्या मूर्ती आहेत. पहुडलेले बुद्ध सुमारे १४ मीटर लांब आहेत. उशीकडे बघा: डोक्याच्या भाराने ती दबलेली दाखवली आहे, ग्रॅनाइटमध्ये. पावलांकडे बघा: एक पाऊल किंचित मागे सरकलेलं आहे. हे निजणं नाही, परिनिर्वाण आहे, अशी ती खूण मानतात. अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं पाहिलेल्याला इथे फार वेळ बसावंसं वाटतं. समोर खडकाचा उंचवटा आहे, तिथे बसा. डंबुल्लाची लेणी वाटेत पडतात, ती सकाळी लवकर करा. चढ आहे, पण तासाभरात होतं. सिगिरिया सुंदर आहे, पण तो राजाचा किल्ला आणि गुडघ्यांची परीक्षा. तुमच्या प्रश्नात तो बसत नाही. मी सोडून देईन.

कँडीकडे जाताना मातलेजवळ अलुविहारला थांबा. बहुतेक गाड्या थांबत नाहीत, कारण बघायला फारसं काही नाही: मोठमोठे खडक, त्यांच्या खबदाडीत छोटी लेणी. पण तिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ, पहिल्यांदा लिहिलं गेलं ते इथे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. त्याआधी ते सगळं पाठांतरावर चाललं होतं. दुष्काळ पडला, लढाया झाल्या, पाठ असलेले भिक्खू मरू लागले. एक माणूस गेला की एक भाग कायमचा जाण्याची वेळ आली, तेव्हा संघाने ते ताडपत्रावर उतरवायचं ठरवलं. आजही तिथे ताडपत्रावर लिहून दाखवतात. लोखंडी लेखणीने आधी कोरतात, तेव्हा काहीच दिसत नाही. मग काजळी आणि तेल चोळून पुसलं की अक्षर उमटतं. ज्यांच्या घरात हरिपाठ तोंडपाठ आहे त्यांना ही जागा लगेच कळते.

कँडीत तीन रात्री. दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धांच्या दंतधातूचं (जपून ठेवलेल्या दाताचं) मंदिर, एकदा बघून होत नाही. दिवसातून तीनदा 'तेवाव', म्हणजे पूजा, होतो: पहाटे साडेपाचच्या सुमारास, सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. वेळ थोडी मागेपुढे होऊ शकते, आदल्या दिवशी तिथेच विचारून घ्या. पर्यटकांची गर्दी संध्याकाळी असते. तुम्ही पहाटे जा. खाली ढोल सुरू होतात, तो आवाज लाकडी माडीतून पायांत चढतो. वर रांगेने गाभाऱ्यासमोरून जाताना दरवाजा उघडलेला असतो आणि दागबाच्या आकाराचा सोन्याचा करंडक क्षणभर दिसतो. दंतधातू त्याच्या आत, एकात एक ठेवलेल्या करंडकांत असतो. तो दिसत नाही, आणि दिसेल अशी आशा घेऊन जाऊ नका. आत दारामागे जे चालतं ते म्हणजे बुद्ध प्रत्यक्ष आहेत असं मानून केलेली सेवा: तोंड धुवायला पाणी, दातवण, चीवर (भिक्खूंचं वस्त्र), नैवेद्य, वारा घालणं. पंढरपूरचा काकडा आणि नित्योपचार पाहिलेल्या आईंना हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही. बुधवार मिळाला तर सकाळी 'नानुमुर मंगल्लय' असतं. वनस्पती आणि सुगंधी फुलं घातलेल्या पाण्याचा स्नानविधी, आणि ते पाणी नंतर भक्तांना देतात, तीर्थासारखं. मालिगावाच्या परिसरात विष्णू आणि पत्तिनी देवीची मंदिरं आहेत, समोर नाथ देवालय आहे. कँडीचा माणूस बुद्धांना फुलं वाहून तिकडेही जातो.

ऑगस्टच्या आसपास कँडीत एसल पेरहेर निघते, दहा रात्रींची मिरवणूक. नर्तक, ढोल, मशाली, सजवलेले हत्ती. त्यासाठी जावं का, असं तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. वैभव डोळे दिपवणारं आहे. पण तासन् तास पदपथावर बसावं लागतं, खोल्यांचे दर काही पटींनी चढतात, आणि साखळदंडातले हत्ती मला आता बघवत नाहीत. कँडीतला एरवीचा साधा बुधवार मला जास्त देऊन जातो.

ध्यानासाठी काय करावं, हाही तुमचा प्रश्न. दहा दिवसांचं शिबिर करायचं तर इगतपुरी तुमच्या दाराशी आहे, त्यासाठी समुद्र ओलांडायला नको. कँडीजवळ निलंबे येथे डोंगरावर साधं ध्यानकेंद्र आहे, गृहस्थांसाठी. आधी विचारून एक-दोन दिवस राहता आलं तर यजमानांनी जावं. माझी खरी सूचना वेगळी आहे: पोयाच्या दिवशी एखाद्या छोट्या गावच्या विहारात 'अट सिल' घ्या, म्हणजे अष्टशील, दिवसभर पाळायचे आठ नियम. सकाळी भंतेंच्या (भिक्खूंच्या) मागोमाग शील म्हणायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, दिवसभर तिथेच बसायचं, प्रवचन ऐकायचं, मधे ध्यान, मधे ढासणा घेऊन विश्रांती. प्रवचन सिंहलीत असेल, कळणार नाही. तरी आठ तास त्या पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत बसून बघा. एकादशी करणाऱ्या आईंना तुमच्यापेक्षा सोपं जाईल.

कपडे पांढरे लागतात. इथे एक नाजूक गोष्ट. आपल्याकडच्या अनेक सवाष्ण बायकांना पांढरी साडी नेसायला मन घेत नाही. जबरदस्ती करू नका. फिकट मोतिया रंग, बारीक काठ, कुणी काही म्हणत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी आणि चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. हा तिथे मोठा अपमान समजतात आणि मूर्तीपुढे वावगं वागलेल्या परदेशी पर्यटकांना शिक्षा झालेली आहे. भंतेंना 'हामुदुरुवने' म्हणतात. भेटताना विड्याच्या पानांची जुडी देऊन वाकून नमस्कार करतात. दान द्यायचं असेल तर दुकानात तयार 'अट पिरिकर' मिळतं, चीवर-भिक्षापात्रासह आठ वस्तूंची गाठोडी. पण आधी विहारात विचारा. मी विचारलं त्या बहुतेक छोट्या विहारांत चीवरं ढिगाने पडलेली होती आणि हवे होते ते मुलांच्या शाळेसाठी वह्या-पेन. भोजनदान करायचं तर दुपारी बाराच्या आत. त्यानंतर भंते जेवत नाहीत.

आईंच्या जेवणाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. ताटातली भाजी शाकाहारी दिसते, पण खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल संबोलात, आणि लुणुमिरिस या मिरचीच्या चटणीत बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो. तिला 'उंबलकड' म्हणतात. "उंबलकड एपा" हे दोन शब्द पाठ करा: उंबलकड नको. निर्धास्त खायचं तर किरीबत, नारळाच्या दुधातला घट्ट भात. किरी म्हणजे दूध, आपल्या खिरीतला क्षीर तोच. बत म्हणजे भात. शुभदिवशी घरोघर करतात.

श्रीपादाचा डोंगर, २२४३ मीटर आणि हजारो पायऱ्या, या खेपेस सोडा. तो रात्री चढायचा असतो, डिसेंबर ते मे या काळात, आणि वाटेत चढणारे-उतरणारे एकमेकांना "करुणावइ" म्हणतात, जशी वारीत "माउली" म्हणून हाक येते. तुम्ही दोघे पुन्हा कधीतरी त्याच्यासाठीच जा.

एक गोष्ट प्रवासात विसरू नये. हा देश एकट्या बौद्धांचा नाही. १९८३ ते २००९ इथे यादवी झाली, तमिळ आणि सिंहली दोन्ही घरांनी माणसं गमावली, आणि धर्माचं नाव त्या भांडणात ओढलं गेलं. तुमचा चालक तमिळ असेल, मुसलमान असेल. त्याच्यापुढे "बौद्ध देश" असा शब्द सहज वापरू नका. त्याला त्याच्या गावाबद्दल विचारा, आणि तो बोलला तर ऐका.

शेवटचा दिवस कोलंबोत. सकाळी मालिगाकंदला विद्योदय पिरिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात) जा. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली इथे येऊन सुमंगल महाथेरांकडे पाली शिकले आणि श्रामणेर (नवशिके भिक्खू) झाले. घरदार सोडून, हाताशी पैसा नसताना, बुद्धांचं मूळ वाचायचं या एका ध्यासाने. मराठीतून बुद्ध वाचणारे आपण सगळे त्या प्रवासाचे ऋणी आहोत. पुढे १९५० साली बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरही लंकेत आले होते, धम्म इथे कसा जगला जातो ते बघायला. त्यांचं धर्मांतर सहा वर्षांनी झालं. संध्याकाळी कोलंबोजवळच्या केलनियाच्या विहारात जा, पिंपळाखाली पणती लावा. विमान बहुधा मध्यरात्रीनंतरचं असेल, तेव्हा घाई नाही. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. बऱ्याच पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट कमी लागतं. आणि तारखा ठरल्या की मला कळवा, त्या महिन्याची पोया कुठल्या वारी येते आणि कुठल्या गावच्या विहारात बसता येईल ते मी बघून देते.